डिस्क गोल्फ : ‘साइडआर्म’ फेकीत बळापेक्षा मनगटाला महत्त्व

कमीत कमी फेकींत तबकडी साखळ्यांच्या टोपलीत पोहोचविणे, हे डिस्क गोल्फचे उद्दिष्ट असते. या खेळाचे पहिले कायमस्वरूपी मैदान एड हेड्रिक यांच्या प्रयत्नांतून १९७५ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात उभे राहिले.

बॅकहँड आणि साइडआर्म, अर्थात फोरहँड, या त्यातील दोन प्रमुख फेकी आहेत. उजव्या हाताच्या खेळाडूने बॅकहँडने फेकलेली तबकडी सामान्यतः शेवटी डावीकडे झुकते, तर साइडआर्मने फेकलेली उजवीकडे. कारण दोन्ही फेकींत ती परस्परविरुद्ध दिशांनी फिरते. त्यामुळे झाडांमधून उजवीकडे वळणाऱ्या मार्गावर साइडआर्म उपयोगी पडते.

या फेकीत तर्जनी व मधले बोट तबकडीच्या कडेला आतून टेकवून अंगठा वर ठेवतात. कोपर शरीराजवळून पुढे आणून शेवटी मनगटाला झटका दिला जातो. तळ्याच्या पाण्यावर उड्या मारत जावा म्हणून चपटा दगड फेकतात, तशीच ही हालचाल असते.

जोर लावण्याच्या नादात तळवा खाली वळणे, ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय. त्यामुळे तबकडी डगमगते व भरकटते. तबकडी सुटेपर्यंत तळवा आकाशाकडे राहणे आवश्यक असते. केवळ हाताच्या बळावर वारंवार फेकल्यास कोपराच्या आतील बाजूवर ताण येतो. म्हणून आरंभी कमी अंतरावर, सावकाश सराव करणे हिताचे. फिरकी साधल्यानंतरच अंतर वाढवावे.