'गॅस' हा शब्द कोणी गिळला?

'एक रुका हुआ फैसला' आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलाय. एक खोली, बारा माणसं आणि एका पोराच्या जिवाचा प्रश्न. बासू चटर्जींचा हा सिनेमा अमेरिकेच्या 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'वरून घेतलेला, हेही पुष्कळांना ठाऊक आहे. पण ते मुळात टीव्हीचं नाटक होतं. २० सप्टेंबर १९५४ला न्यूयॉर्कहून 'स्टुडिओ वन' या कार्यक्रमात ते थेट दाखवलं गेलं.

थेट म्हणजे अगदी थेट. व्हिडिओ टेप आली १९५६मध्ये. तोवर नट संवाद विसरला तर घराघरात दिसायचं. जाहिरात चालू असताना कपडे बदलायचे आणि धावत दुसऱ्या सेटवर जायचं. जपून ठेवायचं तर टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावायचा. या नाटकाची पूर्ण प्रत सापडायला २००३ साल उजाडलं!

एवढी जिवंत कला, पण पैसा जाहिरातदाराचा. कार्यक्रमाच्या नावातच कंपनी असायची: क्राफ्ट, फिल्को, यूएस स्टील. लेखकाला धास्ती नटाच्या चुकीपेक्षा त्यांची जास्त.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन'च्या रेजिनाल्ड रोजचंच बघा. शिकागोजवळच्या सिसेरोत १९५१ला एक काळं कुटुंब राहायला आलं म्हणून गोऱ्यांनी दंगल केली होती. त्यावर त्याने नाटक लिहिलं. वरून सांगणं आलं, काळं कुटुंब चालणार नाही. शेवटी काळ्या माणसाच्या जागी तुरुंगातून सुटून आलेला माणूस आला.

रॉड सर्लिंगची तर त्याहून वाईट गत. १९५५ला मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या काळ्या मुलाचा खून झाला आणि आरोपी सुटले. त्यावरून सुचलेलं त्याचं नाटक १९५६ला यूएस स्टीलच्या कार्यक्रमात आलं. तोवर मेलेला माणूस कोणीतरी अनाम परदेशी झाला होता, गाव दक्षिणेतून उचलून पार उत्तरेला न्यू इंग्लंडला नेलं होतं. इतकंच काय, सेटवरच्या कोका-कोलाच्या बाटल्याही काढल्या. का, तर त्या बघून लोकांना दक्षिण आठवेल!

हसू येतं खरं. पण पानभर जाहिरात देणाऱ्याची बातमी कितव्या पानावर, किती ओळींत जाते, हे आमच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा.

कळस झाला १६ एप्रिल १९५९ला. 'प्लेहाऊस ९०'मध्ये 'जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग', म्हणजे नाझी न्यायाधीशांवरच्या खटल्याचं नाटक. क्लॉड रेन्ससारखा कसलेला नट छळछावण्यांतल्या गॅस चेंबरबद्दल बोलतोय. त्याचे ओठ हलले, पण 'गॅस' हा शब्द काही ऐकू आला नाही. आवाज तेवढ्यापुरता बंद केला होता. कारण प्रायोजकांत अमेरिकन गॅस असोसिएशन होती, म्हणजे घरगुती गॅस विकणाऱ्या कंपन्यांची संघटना. लाखो माणसं ज्यात मारली, त्याचं नावसुद्धा शेगडीच्या खपाआड येत होतं.

थेट नाटकांचा जमाना तोवर ओसरत आला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्लिंगने 'द ट्वायलाइट झोन' सुरू केलं. माणसांच्या द्वेषाच्या, भीतीच्याच गोष्टी, पण परग्रहावरच्या, भलत्याच जगातल्या. तिथे कोणी बाटल्या मोजायला आलं नाही.