कौटुंबिक वाद आणि न्यायालयाबाहेरील मध्यस्थी

पती-पत्नीतील बेबनाव, मुलांचा ताबा, जमिनीची वाटणी, वृद्ध आईवडिलांचे पालनपोषण अशा वादांत उभय पक्षांनी एका तटस्थ व्यक्तीच्या साहाय्याने स्वतःच तोडगा काढणे, यास मध्यस्थी म्हणतात. मध्यस्थ निवाडा देत नाही. तो दोघांना एकत्र बसवतो, गरज वाटल्यास वेगवेगळे भेटतो आणि बोलणे पुढे नेतो. तडजोड मान्य करावी की नाही, हे सर्वस्वी पक्षकारांच्या हाती असते. तेथे बोललेले शब्द पुढे न्यायालयात वापरता येत नाहीत. मध्यस्थीची कार्यवाही गोपनीय असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली स्पष्ट केले आहे.

कायद्याने या मार्गास दीर्घकाळ उत्तेजन दिले आहे. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, 1984 नुसार प्रथम समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे सुधारित कलम 89 हे 1 जुलै 2002 पासून लागू आहे, आणि 2023 साली संसदेने स्वतंत्र मध्यस्थी अधिनियम संमत केला. नाशिककरांना यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. दावा दाखल झालेला असलाच पाहिजे असे नाही. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत विधी साहाय्य मिळते. प्रकरण लोकअदालतीत मिटल्यास तेथील निवाड्यास हुकूमनाम्याचे बळ असते व त्यावर अपील नसते. म्हणून सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचून घ्यावी.

जमिनीच्या वादात आपल्या समाजात एक गैरसमज खोलवर रुजला आहे. ख्रिस्ती कुटुंबास भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेस एकतृतीयांश व उरलेली मालमत्ता मुलामुलींस समान मिळते. मुलाला जन्मतःच हक्क प्राप्त होत नाही आणि लग्न झाले म्हणून मुलीचा हक्क जात नाही. बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवून 'घरातल्या घरात मिटवू' असे म्हणणे ही मध्यस्थी नव्हे. आपला वाटा किती, हे तिला आधी कळले पाहिजे. मग तिने तो स्वखुशीने सोडला तर गोष्ट निराळी. स्थावर मालमत्तेचे हक्कसोडपत्र नोंदणीकृतही असावे लागते.

मध्यस्थी आणि पंचायत यांतील भेद नाशिकला नव्याने सांगायला नको. 2013 साली याच शहरात आंतरजातीय विवाह केलेल्या गरोदर तरुणीची तिच्या पित्याने हत्या केली. त्यानंतर जातपंचायतींविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळीतून सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा झाला व तो 2017 मध्ये अमलात आला. जेथे निर्णय लादला जातो आणि नकार देणाऱ्यास शिक्षा होते, तेथे मध्यस्थी नसते. घरात मारहाण होत असेल तर प्रथम स्त्रीची सुरक्षितता पाहावी; 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण मागावे. भयाने दिलेली संमती ही संमती नव्हे.

धर्मग्रामातील धर्मगुरू पुष्कळदा पहिले मध्यस्थ ठरतात. मात्र प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले त्यांना उघड करता येत नाही, की कोणाच्या हानीसाठी वापरताही येत नाही. त्यामुळे एका पक्षाचे पापनिवेदन त्यांनी ऐकले असल्यास मध्यस्थ म्हणून दुसरी जाणकार व्यक्ती निवडणे उचित होय.

पोटगी, मुलांच्या भेटीचे दिवस, शिक्षणाचा खर्च, दागिने परत करणे, हे सारे तडजोडीने ठरू शकते. विवाहबंधन मात्र ठरू शकत नाही. मुद्रांकावर लिहून नोटरीपुढे सह्या केलेल्या सोडचिठ्ठीने ख्रिस्ती दांपत्याचा घटस्फोट होत नाही. 2001 च्या दुरुस्तीने आलेला परस्पर संमतीचा घटस्फोटदेखील न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच मिळतो. त्या हुकूमनाम्याने धर्मसभेच्या दृष्टीने विवाह रद्द ठरत नाही. विवाह मुळातच अवैध होता काय, याचा निर्णय धर्मसभेचे ट्रायब्युनल देते. तो पक्षकारांच्या आपसांतील कराराने होऊ शकत नाही. प्रकरण स्वीकारण्यापूर्वी संसार पुन्हा जुळणे अशक्य झाले आहे, याची न्यायाधीशाने खात्री करून घ्यावी, असे धर्मसभेचा कायदा सांगतो. त्यामुळे आधी झालेल्या समेटाच्या प्रयत्नांची माहिती ट्रायब्युनलकडे जाताना सोबत ठेवावी.