कॅम्पिंगसाठी फिक्स्ड ब्लेड चाकू कसा निवडाल?

बोर्ली पंचतनहून दिवेआगरच्या किनाऱ्यावर कॅम्पिंगला जाताना मी घडीचा चाकू नेत नाही. सांध्यात वाळू अडकते. लॉक नीट बसला नाही तर पातं बोटांवर मिटतं. न मिटणारा, म्हणजे फिक्स्ड ब्लेड चाकू घेताना हे बघा:

टँग: पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं हवं. यालाच फुल टँग म्हणतात.

पोलाद: १०९५ सारख्या कार्बन स्टीलला धार सहज लागते, पण खाऱ्या हवेत ते पटकन गंजतं. इथे स्टेनलेसच बरं. तरी गोड्या पाण्याने धुऊन कोरडं पुसा.

म्यान: चामडं ओल धरतं, प्लास्टिकचं घ्या.

लांबी: ४ इंच पुरे, शहाळ्याला कोयताच लागतो. घरगुती किंवा शेतीच्या अवजारांखेरीज ९ इंचांहून लांब वा २ इंचांहून रुंद पातं कायद्याने शस्त्रात मोडतं.