अंदिजान: रशियन झारच्या राजवटीतला एक मुस्लिम जिल्हा

अंदिजान हे नाव आपल्याकडे बाबर बादशाहाचं जन्मगाव म्हणून माहीत आहे. 14 फेब्रुवारी 1483 रोजी बाबरचा जन्म तिथे झाला आणि 1526 मध्ये पानिपतच्या लढाईनंतर त्याने हिंदुस्थानात मुघल सत्तेचा पाया घातला. पण त्यानंतर अंदिजानचं काय झालं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. फरगाना खोऱ्यातलं हे शहर पुढे सुमारे चार दशकं रशियन साम्राज्याच्या एका जिल्ह्याचं ठाणं होतं. त्या जिल्ह्याची ही थोडक्यात माहिती.

जिल्हा कसा झाला?

अठराव्या शतकापासून फरगाना खोऱ्यावर कोकंदच्या खानांची सत्ता होती. 1865 मध्ये रशियन फौजेने ताश्कंद घेतलं आणि 1867 मध्ये तुर्कस्तानचा कारभार पाहायला गव्हर्नर जनरल म्हणून काउफमान आला. 1875 मध्ये खुदायार खानाविरुद्ध त्याच्याच प्रजेने उठाव केला आणि खान रशियनांच्या आश्रयाला पळाला. रशियन फौज खोऱ्यात शिरली, अंदिजानवर तोफा चालल्या आणि 1876 च्या सुरुवातीला कोकंदचं राज्य खालसा झालं. त्याचा फरगाना प्रांत करण्यात आला. जनरल स्कोबेलेव्ह हा पहिला लष्करी गव्हर्नर. प्रांताचे जे जिल्हे पाडले, त्यांना रशियन भाषेत ‘उयेझ्द’ म्हणत. अंदिजान उयेझ्द त्यातलाच एक. ओश, नमंगान, मर्गेलान आणि कोकंद हे प्रांतातले इतर जिल्हे.

काझी राहिले, पण अधिकार गेले

जिल्ह्याचा प्रमुख लष्करी अधिकारी असे. गावपातळीवर मात्र स्थानिक माणसंच ठेवली होती. अनेक गावांच्या गटावर मिंगबाशी असे. निकाह, तलाक, वारसा हे मामले काझीकडेच चालत. पण काझी आता ठरावीक मुदतीसाठी निवडून यायचा आणि त्याच्यावर देखरेख रशियन अधिकाऱ्याची.

काउफमानचं धोरण इस्लामकडे ‘दुर्लक्ष’ करण्याचं होतं. दीनवर बंदी घालायची नाही, पण त्याला सरकारी आधारही द्यायचा नाही. रशियातल्या इतर मुसलमानांसाठी ओरेनबर्गची मुफ्ती कचेरी होती. तिला तुर्कस्तानात पाऊल टाकू दिलं नाही. 1886 च्या कायद्याने जमीन आणि वक्फचे नियम सरकारने ठरवले. मशिदी, मदरसे उघडे राहिले, मात्र ज्या वक्फवर ते चालायचे त्याचा निर्णय कचेरीत होऊ लागला.

कापूस आला, धान्य महागलं

1860 च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे जगभर कापसाचे भाव चढले. आपल्या मुंबईत त्या काळात कापसावर पैशाचा पाऊस पडला, तो याच कारणाने. रशियन गिरण्यांनाही स्वतःच्या हक्काचा कापूस हवा होता. 1880 च्या दशकात फरगानात अमेरिकन वाणाचं बियाणं आलं. 1899 मध्ये रेल्वे अंदिजानपर्यंत पोहोचली आणि कापूस थेट मॉस्कोच्या बाजूला जाऊ लागला. शेतकऱ्याच्या हातात रोकड आली खरी, पण पेरणीआधी उचल घ्यायची, पीक आलं की फेडायची, आणि खायचं धान्य बाहेरून विकत आणायचं, असा फेरा सुरू झाला.

1898 चा उठाव

मे 1898 मध्ये अंदिजानजवळच्या मिंगतेपा गावचे नक्शबंदी सिलसिल्याचे पीर मदली इशान यांनी सुमारे दोन हजार मुरीद घेऊन रात्री रशियन छावणीवर हल्ला केला. 22 सैनिक मारले गेले. हल्लेखोरांकडे बंदुका फारशा नव्हत्या, त्यामुळे थोड्याच वेळात उठाव मोडला. इशान आणि त्यांच्या साथीदारांना फाशी झाली, शेकडो लोकांना सायबेरियात धाडलं. मिंगतेपा गाव जमीनदोस्त करून तिथे रशियन वसाहत केली.

सरकारने याला धर्मवेड ठरवलं आणि मुसलमानांवरची पाळत वाढवली. चौकशीत खुद्द इशान यांनी वक्फ, जकात, हजवरचे निर्बंध आणि बिघडत चाललेली अखलाक ही कारणं सांगितली होती. इतिहासकार त्यात जमीन आणि कर्जाचा प्रश्नही जोडतात. आम्हाला वाटतं, या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. वक्फची जमीन म्हणजे दीन आणि रोजी दोन्ही.

भूकंप, क्रांती, फाळणी

डिसेंबर 1902 च्या भूकंपात शहर कोसळलं आणि हजारो माणसं गेली. 1916 मध्ये झारने युद्धाच्या मजुरीसाठी माणसं मागितली, तेव्हा फरगाना पुन्हा पेटला. क्रांतीनंतर नोव्हेंबर 1917 मध्ये कोकंदला मुस्लिम पुढाऱ्यांनी स्वायत्त सरकार जाहीर केलं, ते फेब्रुवारी 1918 मध्ये बोल्शेविकांनी चिरडलं. अंदिजानचेच लेखक चोलपान यांनी झारच्या काळातल्या मिंगबाशीच्या घराची कहाणी कादंबरीत मांडली. 1938 मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना गोळ्या घातल्या.

1924 मध्ये सोव्हिएत सरकारने भाषा आणि वंश पाहून सीमा आखल्या. जुन्या अंदिजान जिल्ह्यातलं अंदिजान शहर उझबेकिस्तानात आलं, तर जलालाबाद किरगीझांकडे गेलं. 1991 नंतर हीच रेघ दोन देशांची सरहद्द झाली. नातेवाईकांकडे जायचं तरी नाक्यावर कागद दाखवावे लागले.

नदी मात्र तीच, करा दर्या. तिच्यावरच्या अंदिजान धरणाच्या पाण्याचा आणि जमिनीचा करार दोन्ही देशांनी 2022 मध्ये केला, तेव्हा किरगीझस्तानात विरोध झाला आणि विरोधकांना अटकही झाली. पाणी कुणाचं, हा सवाल तिथे आजही जिवंत आहे.