बंब नगरपालिकेचा, मग पोलीस कुणाचे?

ऑनसाईटला सनीव्हेलमध्ये होतो तेव्हाची गोष्ट. अपार्टमेंटमध्ये कुणीतरी फोडणी जरा जास्तच कडक दिली आणि स्मोक अलार्म बोंबलायला लागला. (फोडणी कुणाची ते विचारू नका.) थोड्या वेळात गाडी आली ती पोलिसांची. फोडणीसाठी पोलीस? आम्ही सगळे टरकलो. पण त्या पोलिसाने शांतपणे डिकी उघडली आणि आतून फायरमनचा जाडजूड कोट आणि हेल्मेट काढलं!

मग कळलं की सनीव्हेलमध्ये १९५० पासून पोलीस आणि आगीचा बंब हे एकच खातं आहे. साधारण दीड लाख वस्तीचं गाव. खात्याचा प्रमुख सिटी मॅनेजरच्या हाताखाली, सिटी मॅनेजरला नेमते सिटी कौन्सिल, आणि कौन्सिल निवडून देणार गावातले लोक. पोलिसांचं बजेटही तिथेच पास होतं.

मी मूळचा वाशिमचा. आमच्याकडे बंब नगरपरिषदेचा आणि पोलीस सरकारचे. एसपी साहेब मुंबईहून ऑर्डर निघाली की येतात आणि ऑर्डर निघाली की जातात. हे असंच का, हा प्रश्न तोपर्यंत कधी डोक्यातच आला नव्हता. मग काय, वीकेंडला तेच खोदत बसलो.

पोलीस ही गावाची जबाबदारी, ही कल्पना आपल्याला नवी नाहीच मुळी. मराठी मुलखात चोरी झाली की पाटील, जागल्या आणि महार चोराचा माग काढत निघायचे. माग शेजारच्या गावच्या शिवेत गेला की तो त्या गावाच्या गळ्यात मारायचा, म्हणजे पुढचा शोध त्यांचा. आणि माग आपल्याच शिवेत हरवला तर? चोरीची भरपाई गावाने करायची. जबाबदारी कशी, एकदम रोकडी! पण फार हळवं व्हायचं कारण नाही. रात्रभर गस्त घालणाऱ्याच्या पदरात सुगीला चार पायल्या धान्य पडायचं, आणि गावाच्या कारभारात त्याला शब्दही काढता येत नव्हता. गाव जबाबदार होतं, पण गाव म्हणजे मोजकी घरं.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. कारण काय, तर हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा थकलेला खर्च. कागदोपत्री मुलूख निजामाचाच, कारभार मात्र इंग्रजांचा. अशा मुलखाला इंग्रजांनी कुठले पोलीस द्यावेत?

त्यांच्याकडे दोन नमुने होते. एक १८२९ चे लंडनचे पोलीस, हातात दंडुका, शहरातून पायी गस्त. दुसरा आयर्लंडचा: बंदुका, बराकी आणि सगळं वरून चालणारं. ते दल होतं जिंकलेल्या देशावर नजर ठेवायला. चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि तिथे आयरिश नमुना उचलला. पुढे १८५७ झालं, इंग्रज हादरले, १८६० मध्ये पोलीस कमिशन बसलं आणि १८६१ चा पोलीस कायदा आला. प्रांताला एक इन्स्पेक्टर जनरल, जिल्ह्याला एक सुपरिंटेंडंट, त्याच्यावर कलेक्टरचा वचक. नगरपालिका या चित्रात कुठेच नाही. वऱ्हाडातलं पोलीस खातंही याच साच्यातलं.

आता गंमत बघा. अधिकार नसले तरी बिल मात्र नगरपालिकांच्या नावाने फाडलं जायचं! हिंदुस्थानात ठिकठिकाणी गावच्या पोलिसांचा खर्च नगरपालिकांच्या माथी मारलेला होता. लोक चिडणारच. मग १८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा तो प्रसिद्ध ठराव काढला, ज्याचं आपण शाळेत गुणगान लिहिलंय. त्यातच सुचवलं होतं की नगरपालिकांवरचा पोलीसखर्च काढा, त्या बदल्यात त्यांनी शाळा आणि दवाखाने बघावेत. मुंबई शहरात तर हे भांडण १९०७ पर्यंत चाललं. तेव्हा सगळ्यांना हुश्श झालं असणार. मला मात्र वाटतं की खरी मेख इथेच आहे. पैसे देणाऱ्याला निदान 'आमचं ऐका' म्हणता येतं. बिल सुटलं आणि तो हक्क मागायची जागाही गेली.

पण अमेरिकेत सगळं गोड होतं असं समजू नका हं. न्यूयॉर्कचे पोलीस म्हणजे तिथल्या पुढाऱ्यांची खासगी फौज होती. शेवटी राज्य सरकारने आपलं वेगळं पोलीस दल काढलं, आणि जून १८५७ मध्ये (इकडे उठाव पेटला होता तेव्हाच!) सिटी हॉलच्या पायऱ्यांवर ही दोन पोलीस दलं एकमेकांशी दणादण भिडली. शहराला आपले पोलीस परत मिळायला १८७० उजाडलं. त्यामुळे पोलीस नगरसेवकाच्या हातात द्या म्हटलं की आपल्याही पोटात गोळा येतो, तो काही उगाच नाही.

असो. परत वाशिमला. इंग्रजी काळात 'बासिम' हा वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांपैकी एक होता. १९०५ मध्ये तो मोडला. वाशिम आणि मंगरूळ अकोल्याला जोडले, पुसद गेलं यवतमाळकडे. तेव्हापासून १ जुलै १९९८ ला जिल्हा परत होईपर्यंत, तब्बल ९३ वर्षं, वाशिमसाठी 'वरचे साहेब' म्हणजे अकोल्याचे. मधल्या काळात १९६७ च्या कायद्याने पोलीस पाटीलही वंशपरंपरेचा न राहता सरकारने नेमलेला झाला. पाटीलकी एका घरातून सुटली हे उत्तमच, पण ती गावाकडे आली नाही.

१९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती तरी बघावी म्हटलं. नगरपालिकांसाठी बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. अग्निशमन आहे, स्मशानं आहेत, रस्त्यावरचे दिवे आहेत, कोंडवाडेसुद्धा आहेत. पोलीस नाहीत. म्हणजे मोकाट बैल नगरपरिषदेचा, मोकाट चोर राज्य सरकारचा :)

२००६ मध्ये प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात एक आणि प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण नेमा. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली, पण जिल्ह्याच्या जागी विभाग ठेवला. रिसोडच्या माणसाचा विभाग म्हणजे अमरावती. एसटीने आधी वाशिम गाठायचं, मग कारंज्यावरून पुढे. सकाळी लवकर निघावं लागतं.