नायकाच्या बाजूला उभे राहणारे

चित्रपटाच्या जाहिरातीवर मोठ्या अक्षरांत नाव झळकते ते नायकाचे. मात्र खेळ सुटल्यावर घरी परतताना आपल्या जिभेवर पुष्कळदा दुसरीच माणसे असतात: करडा बाप, खमका पोलीस अधिकारी, मायाळू काका. ही कामे करणाऱ्या नटांचा इतिहास कोणी सांगावयास बसला, तर त्याला आरंभ आमच्या नाशिकपासूनच करावा लागेल.

1913 साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या कामासाठी एकही स्त्री मिळेना. अखेर मुंबईच्या एका उपाहारगृहात नोकरी करणारे अण्णा साळुंके साडी नेसून उभे राहिले. त्यानंतर फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलविले आणि 'मोहिनी भस्मासुर' हाती घेतला. या वेळी मात्र दोन स्त्रिया पुढे आल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कोवळ्या वयाची कन्या कमला मोहिनी झाली. स्त्रीने तोंडाला रंग लावणे म्हणजे कुळाला बट्टा, असे समजण्याचा तो काळ! त्या मायलेकींच्या धाडसाचे मोल आज आपल्याला सहजी कळणार नाही.

ही कमला म्हणजेच पुढच्या कमलाबाई गोखले. ऐन तारुण्यात वैधव्य आले, तरी त्यांनी रंगभूमी सोडली नाही. तिच्याच आधारावर तीन मुलगे वाढविले. लालजी आणि सूर्यकांत तबल्यात नावारूपाला आले. चंद्रकांत नट झाले. 1921 साली जन्मलेले आणि 2008 साली निवर्तलेले चंद्रकांत गोखले नाटक-चित्रपटांत दीर्घकाळ वावरले, आणि आपल्या कमाईतून अपंग जवानांना मदतही देत राहिले.

त्यांचे चिरंजीव विक्रम गोखले. रंगभूमीवर जयवंत दळवींच्या 'बॅरिस्टर'मध्ये त्यांनी प्रमुख भूमिका गाजविली; हिंदी पडद्यावर मात्र ते बहुधा नायकाच्या बाजूलाच उभे राहिले. 1971 च्या 'परवाना'पासून ही वाटचाल दिसते. 1990 च्या 'अग्निपथ'मध्ये ते पोलीस आयुक्त गायतोंडे झाले, तर 1999 च्या 'हम दिल दे चुके सनम'मध्ये नायिकेचे गायक वडील. दूरदर्शनवरच्या 'उडान'मध्ये ते होते, आणि 'अग्निहोत्र' मालिकेतील त्यांचे मोरेश्वर अग्निहोत्री तर मराठी घराघरांत वडीलधारे होऊन बसले. आवाज चढविण्याची त्यांना क्वचितच गरज पडे. वाक्य संपताना ते जो क्षणभर थांबत, त्या थांबण्यातच पुष्कळसे बोलून जात.

आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाचे नाटक ठरले की प्रत्येक मुलाला राजा व्हायचे असते. प्रधान कोणालाच नको असतो. मी त्यांना सांगतो, "अरे, प्रधानाने नीट मुजरा केला नाही, तर तुझ्या राजाला राजा म्हणणार कोण?" नायकाचे मोठेपण बाजूच्याच्या नजरेतून प्रेक्षकांपर्यंत पोहोचते. बाजूचा नट कच्चा निघाला, की सिंहासनसुद्धा नुसते लाकडाचे दिसू लागते.

पडद्यावरच्या प्रमुख भूमिकेचा राष्ट्रीय मान विक्रम गोखल्यांना मिळाला तो 'अनुमती' या मराठी चित्रपटासाठी, 2013 साली, इरफान खान यांच्यासोबत विभागून. 'परवाना'ला तेव्हा चाळीस वर्षे उलटून गेली होती! आजारी पत्नीसाठी धडपडणारा तो नवरा ज्यांनी पाहिला, त्यांना उमगले असेल की इतकी वर्षे बाजूला उभा असलेला हा माणूस केवढे सामर्थ्य राखून होता.

11 नोव्हेंबर 2022 रोजी निखिल महाजनांचा 'गोदावरी' प्रदर्शित झाला. नाशिकच्या नदीकाठच्या त्या घरातले वृद्ध आजोबा विक्रम गोखले यांनी उभे केले. पंधरा दिवसांनी, 26 नोव्हेंबरला, पुण्यात त्यांचे निधन झाले. पणजी आणि आजी ज्या नाशिकात प्रथम कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या, त्याच गावची कथा पणतूच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक ठरावी, हा योग विलक्षणच.

तीच गोदा पुढे आमच्या निफाड तालुक्यात येते आणि नांदूरमध्यमेश्वरला कादवेला आपल्या कुशीत घेते. तिथून पुढे नाव चालते ते गोदेचे. पण तिच्या पाण्यात कादवाही असतेच. वाचकहो, या दिवाळीत सहकुटुंब एखादा चित्रपट पाहाल, तेव्हा शेवटची नामावळी सरकू लागताच उठू नका. बारीक अक्षरांतली नावेही वाचा.