गोंडाइट: बीडहून निघालेली घरगाडी आणि मनसरचा काळा दगड

आजचा भाग एका दगडाच्या नावाचा आहे. नाव आहे गोंडाइट. ते कुठून आलं, कुणी ठेवलं आणि आपल्या बीडकरांचा त्याच्याशी काय संबंध, ते सांगतो.

आधी प्रवास. हिवाळ्यात आम्ही चौघं तीन दिवसांसाठी बाहेर पडलो. गाडी म्हणजे जुनी टेंपो ट्रॅव्हलर. मागच्या सीट काढून तिथं गाद्या, पाण्याचा ड्रम आणि छोटी शेगडी बसवलेली. रीलवाले तिला कॅम्पर व्हॅन म्हणतात, आम्ही घरगाडी म्हणतो. बीडहून जालना, तिथून समृद्धी महामार्गानं नागपूर, आणि मग जबलपूर रोडनं चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर पुढं मनसर. रामटेकला वळायचा फाटा इथंच लागतो.

मनसर हे गाव जरा विचित्रच आहे राव. एका बाजूला हिडिंबा टेकडी. तिथल्या उत्खननात पाचव्या शतकातल्या वाकाटकांच्या विटांच्या वास्तू निघाल्या. दुसरा प्रवरसेन या राजाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं बरेच अभ्यासक मानतात. आणि त्याच गावात मँगनीजची खाण. म्हणजे एकाच गावात एक खोदकाम इतिहासासाठी आणि दुसरं दगडासाठी! खाण अजून चालू आहे, त्यामुळे परवानगीशिवाय आत जाता येत नाही. आम्हीही बाहेरूनच बघितली.

आता मँगनीज एवढं महत्त्वाचं का? पोलाद बनवताना ते लागतंच. १८८२ साली रॉबर्ट हॅडफिल्ड या इंग्रज माणसानं मँगनीजचं प्रमाण बरंच वाढवून एक पोलाद तयार केलं. त्याच्यावर जितके ठोके बसतील तितका त्याचा पृष्ठभाग आणखी कडक होतो. म्हणून रेल्वेचे रूळ जिथं एकमेकांना छेदतात तिथं ते वापरायला लागले. जगभर रेल्वे वाढत होती, मग मँगनीजला मागणी आलीच. १८९६ मध्ये इंग्रजांनी 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट' काढलं. पुढं त्याचीच 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी' झाली. १९०५ मध्ये रशियात क्रांतीची धामधूम सुरू झाली, कॉकेशसमधल्या खाणींचं काम कोलमडलं, आणि भारतातल्या मँगनीजचा भाव चढला. नागपूर, भंडारा, बालाघाटचा दगड रेल्वेनं मुंबई-कलकत्त्याच्या बंदरांवर आणि तिथून बोटीनं विलायतेला जायला लागला.

खाणी बहुतेक उघड्या होत्या. दगड हातानं फोडायचा, निवडायचा, टोपलीत भरायचा, डोक्यावरून वाहायचा. या कामात बायका मोठ्या संख्येनं होत्या.

याच काळात भूगर्भ सर्वेक्षण खात्यात लुईस ली फर्मर नावाचा तरुण अधिकारी आला. या खाणी त्यानं अक्षरशः पिंजून काढल्या आणि १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ छापला. (पायी युरोप पालथा घालणारा प्रसिद्ध प्रवासलेखक पॅट्रिक ली फर्मर हा त्याचाच मुलगा.) नवीन काही सापडलं की नाव ठेवायचा मान शोधणाऱ्याचा. मग फर्मरनं नावं ठेवली. रामटेकजवळच्या बेलडोंगरीत सापडलेल्या खनिजाला व्रेडेनबर्गाइट, खात्यातल्या व्रेडेनबर्ग साहेबाच्या नावानं. कचुरवाहीतल्या खनिजाला ब्लॅनफोर्डाइट, ब्लॅनफोर्ड साहेबाच्या नावानं. झाबुआकडच्या खाणीतलं हॉलंडाइट, तेव्हाचे खात्याचे प्रमुख हॉलंड यांच्या नावानं.

आणि या सगळ्या मँगनीजचं मूळ ज्या खडकात होतं, त्याला नाव दिलं गोंडाइट, मध्य प्रांतातल्या गोंड लोकांवरून. फार पूर्वी पाण्याखाली साचलेला मँगनीजचा गाळ जमिनीच्या पोटात दाबला गेला, भाजला गेला, आणि त्यातून मँगनीजयुक्त गार्नेट आणि गारगोटीचा हा खडक झाला.

आता हिशोब बघा. साहेबांना माणशी एकेक खनिज. गोंडांना सगळ्यांत मिळून एक खडक.

फर्मर वाईट होता असं मी म्हणत नाही. उलट त्यानं गोंडांची आठवण तरी ठेवली. पण ज्यांच्या डोक्यावरून तो दगड गेला, त्यातल्या एकाही बाईचं नाव मला कुठल्या खनिजात सापडलं नाही.

हे वाचलं तेव्हा मला आजीचं बोलणं आठवलं. निघताना ती म्हणाली होती, "घरदार गाडीत घालून तर आपली माणसं दरसाल जात्यात, त्यात नवल काय रे?" खरंय. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडमधून ट्रॅक्टर निघतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, गोधड्या, शेळी, लेकरं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. आणि तोडीवर माणसं कशी मोजतात? कोयत्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसं राबतात, मोजणीत आकडा एकच. बाईचं नाव त्यातही मागंच.

म्हणून मनसर मला परकं वाटलं नाही. बीडमध्ये खाण नाही, पण खोदणाऱ्याचं नाव पुसलं कसं जातं, ते आपल्याला चांगलं माहीत आहे.

गोष्टीला एक मजेशीर वळणही आहे. पुढं कळलं की व्रेडेनबर्गाइट हे स्वतंत्र खनिजच नाही, ते दोन खनिजांचं मिश्रण आहे. नाव बाद झालं. ब्लॅनफोर्डाइटलाही आता वेगळं खनिज मानत नाहीत. हॉलंडाइट टिकलं. आणि गोंडाइट? ते आजही भूशास्त्राच्या पुस्तकात आहे. कंपनीचं म्हणाल तर १९६२ मध्ये सरकार भागीदार झालं आणि 'मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड', म्हणजे आजची मॉइल, उभी राहिली. तिचं मुख्यालय नागपुरातच आहे.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर हिडिंबा टेकडी बघा, रामटेकला जा, खिंडसी तलावाकाठी मुक्काम करा. हिवाळ्यातच जा, उन्हाळ्यात विदर्भ भाजून काढतो.

आणि एक काम सांगतो, त्याला गाडी लागत नाही. मोबाइलमध्ये रेकॉर्डर असतोच. घरात, गल्लीत कुणी तोडीला गेलेलं असेल, तर त्यांच्याजवळ बसा. कुठल्या साली गेले, कुठला कारखाना, टोळीत कोण कोण होतं, ते विचारा. बायकांची नावं आवर्जून विचारा, "अमक्याची बायको" असं नको, त्यांची स्वतःची नावं. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग पुरे. फाइलला साल आणि गावाचं नाव द्या आणि जपून ठेवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.